पोस्त आणि बोनस

दिवाळी अंकात भांडण काढू नये, असा एक संकेत आहे. विनोदी कथा, राशिभविष्य, दोन-चार कविता आणि एखादी लांबलचक कादंबरी एवढ्यांत वाचकाचे मन रमवावे आणि कडू विषय तुळशीच्या लग्नानंतर काढावेत, हेच शहाणपणाचे. परंतु नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण कारिट फोडतो आणि त्याचा कडू रस जिभेला लावतो, तो काही उगाच नव्हे. फराळ गोड लागायचा तर आधी थोडे कडू चाखावे लागते. हा लेख त्या कारिटाच्या जातीचा आहे. फराळाला बसण्यापूर्वी वाचकांनी तो जिभेला लावावा, एवढीच विनंती.

पोस्त हा शब्द नव्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल. पोस्टमन, दूधवाला, रस्ता झाडणारा, चाळीचा रखवालदार अशी मंडळी दिवाळीला दारात येऊन उभी राहत आणि घरधनी आपल्या ऐपतीप्रमाणे व मर्जीप्रमाणे त्यांच्या हातावर काही ठेवी. तिला म्हणत दिवाळीची पोस्त. पोस्त कमी मिळाली म्हणून कोणी कोर्टात जात नसे, आणि मिळालीच नाही तर 'साहेब, यंदा विसरलात वाटतं' एवढे हसून म्हणण्यापलीकडे घेणाऱ्याच्या हाती काही नसे. बोनसचे तसे नाही. बोनस अडवला तर भांडता येते. पोस्त मर्जीने मिळते, बोनस हक्काने मिळतो. पैसा तोच, सण तोच. पण एक घेताना मान खाली असते आणि दुसरा घेताना ती वर असते.

या दोन शब्दांमधले अंतर चालून जायला मुंबईच्या कामगाराला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. आणि माझे म्हणणे असे आहे, की नव्या यंत्राच्या आणि नव्या नोकरीच्या नावाखाली आज आपण तेच अंतर उलटे चालू लागलो आहोत. बोनसची पुन्हा पोस्त होऊ लागली आहे.

आधी ते चाळीस वर्षांचे सांगतो. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांना अमाप नफा झाला आणि इकडे महागाईने कामगाराचे कंबरडे मोडले. तेव्हा मालकांनी मजुरीवर बोनस द्यायला सुरुवात केली. १९२३ साली नफा उतरल्याचे सांगून तो बंद केला. जानेवारी १९२४ मध्ये गिरण्यांचे भोंगे वाजत राहिले, पण आत माणूस गेला नाही. सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. सरकारने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने निर्वाळा दिला, की बोनसवर कामगारांचा असा कोणताही हक्क पोचत नाही, की जो कायद्याने वसूल करता यावा. म्हणजे काय? तुम्ही जिला बोनस म्हणता ती पोस्त आहे! संप मोडला. पण ती गोष्ट कामगार विसरला नाही. पुढे लवाद झाले, आयोग झाले, आणि अखेर १९६५ साली देशाच्या संसदेने बोनसचा कायदा केला. पुढे त्याच कायद्यात दुरुस्ती होऊन वर्षाच्या पगाराच्या किमान ८.३३ टक्के, म्हणजे अकरा महिन्यांवर बारावा नव्हे तर बारा महिन्यांवर तेरावा पगार, हा हक्क ठरला. १९२४ ते १९६५, एकेचाळीस वर्षे! आपल्यापैकी कितीतरी घरांत चकलीचा साचा, मुलीचा परकर आणि देव्हाऱ्यातली समई या तेराव्या पगारातून आली आहे.

आता आजच्या दिवाळीकडे वळू. तुमच्या घरी बेसन संपले. सूनबाईंनी फोनवर बोट फिरवले, आणि चार गल्ल्या ओलांडून एक मुलगा पिशवी घेऊन दारात हजर झाला. त्याच्या अंगात रंगीत सदरा, पाठीवर भली मोठी पेटी. हा मुलगा कोणाचा नोकर? दुकानाचा? नाही. फोनमधल्या त्या कंपनीचा? तीही म्हणते, नाही. मग हा आहे तरी कोण? कंपनी मोठ्या प्रेमाने सांगते, की तो आमचा 'पार्टनर' आहे, भागीदार आहे!

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपल्या आज्यांनी या भागीदारासाठीच रचून ठेवली असावी. मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. मॅट्रिक झालो, शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण भागीदार म्हणजे काय, हे कळायला पदवी लागत नाही. दोघांनी मिळून किराणा दुकान काढले तर मालाचा भाव दोघे ठरवतात, नफा वाटून घेतात आणि वही दोघांसमोर उघडते. या भागीदाराला खेपेचा दर ठरवता येत नाही. तो सकाळी फोनवर झळकतो आणि संध्याकाळी बदललेला असतो. नफा किती झाला हे त्याला कोणी सांगत नाही. वही कुठे असते, हे त्याला ठाऊकही नाही. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, फोन त्याचा, पडला तर मोडणारा पायही त्याचाच. गिरणीमालक निदान माग तरी स्वतःचा ठेवीत असे! इथे माग कामगाराने आणायचा आणि कापड मालकाने न्यायचे. याला भागीदारी म्हणायचे तर लग्नाच्या पंगतीत वाढप्यालाही यजमान म्हणावे लागेल.

हे केवळ माझ्यासारख्या मास्तराचे मत आहे असे कोणी समजू नये. इंग्लंडातल्या सर्वोच्च न्यायालयासमोर उबर कंपनीच्या चालकांचा खटला गेला होता. चालक स्वतंत्र व्यावसायिक आहेत, असे कंपनीचे म्हणणे. न्यायालयाने साधेच प्रश्न विचारले. भाडे कोण ठरवते? अटी कोण घालते? खेप नाकारली तर दंड कोण करते? गिऱ्हाइकाने दिलेल्या गुणांवरून कोणाला काढायचे हे कोण ठरवते? सगळ्यांचे उत्तर एकच निघाले. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की कंत्राटाच्या कागदावर काहीही लिहिलेले असो, हे चालक कामगार आहेत. त्यांना किमान वेतन आणि भरपगारी रजा मिळाली पाहिजे. कागदावरचा शब्द पाहू नका, दोर कोणाच्या हातात आहे ते पाहा, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे.

आपल्याकडे हा दोर पूर्वी मुकादमाच्या हातात असे. मुंबईच्या गिरण्यांत त्याला जॉबर म्हणत. भरती आणि बडतर्फी या दोन्ही किल्ल्या त्याच्याच कमरेला. काम हवे तर त्याला दस्तुरी द्या, टिकवायचे तर पुन्हा द्या. १९३१ सालच्या व्हिटले कमिशनने या पद्धतीवर कोरडे ओढले आणि भरतीचे काम मुकादमाच्या हातून काढून घ्या, असे सांगितले. आज त्याच किल्ल्या फोनमधल्या अल्गोरिदम नावाच्या हिशेबाकडे आल्या आहेत. खेप कोणाला द्यायची, कोणाला ताटकळत ठेवायचे, कोणाचा आयडी बंद करायचा, हे सारे तो ठरवतो. मुकादम गेला, पण मुकादमी राहिली.

यंत्राची बाजूही मी सांगतो, कारण भांडताना खोटे बोलू नये. नवा मुकादम दस्तुरी मागत नाही. खेप देताना तो जात विचारीत नाही, ही गोष्टही लहान नव्हे. ज्या मुंबईत धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून गिरण्यांच्या विणकाम खात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती, त्या मुंबईचे आपण वारस आहोत. जुन्या मुकादमासाठी अश्रू ढाळणाऱ्यांतला मी नाही. पण पक्षपात नसणे म्हणजे न्याय नव्हे. ज्याच्यापुढे दाद मागता येते तो न्याय. जुना मुकादम लबाड असेल, पण त्याला तोंड होते, कान होते, तो त्याच वाडीत राहत होता. त्याच्या दारात जाऊन म्हातारी आई रडू शकत होती, आणि चार धट्टेकट्टे सोबती जमवून त्याला कोपऱ्यावर गाठताही येत होते. नव्या मुकादमाला दारच नाही. कादंबरीकार म्हणून सांगतो, की खलनायकाला चेहरा लागतो. चेहरा नसलेल्या माणसावर रागावता येत नाही. मग माणूस स्वतःवरच रागावतो.

माझा एक जुना विद्यार्थी हे काम करतो. हात चांगला होता, इंटरमीजिएट परीक्षेत त्याने 'अ' श्रेणी मिळवली होती. बाप आजारी पडला आणि रंगाची पेटी जाऊन पाठीवर ही पेटी आली. एका पावसाळी संध्याकाळी गिऱ्हाइकाने 'जेवण मिळाले नाही' अशी तक्रार केली. याने दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उघडला तर आयडी बंद. कारण विचारायला माणूस नाही. मदतीच्या जागी प्रश्न टाइप केला की छापील उत्तर येई, 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' तो मला म्हणाला, "सर, वर्गात तुम्ही मला बाकावर उभं करायचात, तेव्हा निदान कशाबद्दल ते सांगायचात." नवव्या दिवशी आयडी जसा बंद झाला होता तसाच आपोआप सुरू झाला. त्या नऊ दिवसांची मजुरी कोणी द्यायची, हा प्रश्न त्याने विचारलाही नाही. पोस्त घेणारा असे प्रश्न विचारीत नसतो.

हा रोग फक्त पाठीवर पेटी घेतलेल्या मुलांना जडला आहे, अशी समजूत करून कोणी निश्चिंत होऊ नये. शब्द बदलून हक्क पळवण्याची ही विद्या सरकारलाही चांगली अवगत आहे. अंगणवाडीतली बाई सकाळपासून पोरे सांभाळते, वजने घेते, आहार देते, वह्या भरते, आणि आता तेच सारे पुन्हा मोबाईलवर भरते. तिला सेविका म्हणतात आणि तिला जे मिळते त्याला पगार न म्हणता मानधन म्हणतात. मान सरकारने ठेवून घेतला आणि धन बेताचेच दिले! तिला निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, एवढी साधी गोष्ट कबूल करून घ्यायला प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले. तो निकाल २५ एप्रिल २०२२ चा. आमच्या शाळांतही २००० सालापासून नवा शिक्षक आधी तीन वर्षे 'शिक्षण सेवक' असतो. प्राथमिक शाळेतल्या सेवकाचे मानधन कित्येक वर्षे महिना ६००० रुपये होते. ते १६००० व्हायला २०२३ साल उजाडले. मुलांना श्रमाची प्रतिष्ठा शिकवणारा माणूस स्वतः सेवक आणि त्याची मजुरी मानधन! आणि ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात मागेल त्याला काम देण्याची कल्पना देशाला दिली, त्याच कल्पनेवर उभ्या राहिलेल्या देशाच्या कायद्याखाली १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा मोबाईलवर फोटो चढवून घेण्याची सक्ती झाली. डोंगरकुशीत रेंज नसली तर दिवसभर माती उपसलेल्या बाईची हजेरी लागणार कशी? घमेले खरे, घाम खरा. पण फोटो चढला नाही म्हणून ती गैरहजर!

यंत्र वाईट आहे असे मी एकदाही म्हटलेले नाही. ज्या फोनला त्या बाईची हजेरी बुडवता येते त्याच फोनला ती चोख लावताही येते. यंत्र धन्याच्या मर्जीने चालते. म्हणून भांडण यंत्राशी नाही. यंत्राआड लपून 'मी धनी नव्हेच' म्हणणाऱ्याशी आहे.

यावर नेहमीची तीन उत्तरे मिळतात. पहिले असे, की या मुलांना स्वातंत्र्य आहे, हवे तेव्हा फोन लावावा, हवे तेव्हा बंद करावा. हे स्वातंत्र्य मुंबईला नवे नाही. गिरणीच्या फाटकाशी रोज पहाटे उभ्या राहणाऱ्या बदली कामगारालाही ते होते. आज कोणी गैरहजर असेल तर काम, नाही तर घरी जा. येणे न येणे तुझ्या खुशीचे! पोट असलेल्या माणसाची खुशी ती काय असणार? दिवाळीच्या संध्याकाळी, मुसळधार पावसात, रात्री बाराला जो रस्त्यावर राहील त्याला चार पैसे जास्त, असा दर फोन लावतो. लक्ष्मीपूजनाला घरी बसण्याचे स्वातंत्र्य त्याला आहे. फक्त त्याची किंमत त्याने भरायची आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा, अर्ज, खटपटी करून १८९० साली गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळवून दिली. सुटी म्हणजे काय हे लोखंड्यांना कळले होते. ज्या सुटीसाठी माणसाला उपाशी राहावे लागते, तिला सुटी म्हणत नाहीत.

दुसरे उत्तर असे, की हे काम नसते तर ही मुले बेकार राहिली असती. त्यांनी उपकार मानावेत. निती आयोगाच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ मध्ये अशी कामे करणारी माणसे ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. एवढ्या माणसांना काम मिळते हे चांगलेच आहे. पण उपकाराची भाषा ही पोस्तीची भाषा आहे. गिरण्या नसत्या तर कोकणातला आणि घाटावरचा माणूसही उपाशी राहिला असता. म्हणून १९२४ साली त्याने गप्प बसायला हवे होते काय? बेकारीचा धाक दाखवून हक्क नाकारायचा असेल, तर या देशात कोणालाच कोणताही हक्क कधी मिळाला नसता.

तिसरे उत्तर सर्वांत हुशार आहे. हा मुलगा दिवसातून वीस दुकानांचा माल वाहतो, एकाच दिवसात दोन-दोन कंपन्यांचे काम करतो. मग त्याचा मालक धरायचा कोणाला? इथे मात्र महाराष्ट्राने लाजेने मान खाली घालायला हवी, कारण या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रानेच देऊन ठेवले आहे. मुंबईच्या बाजारपेठांतला माथाडी आज या पेढीचे पोते उचलतो, उद्या त्या पेढीचे. त्यालाही हेच सांगितले जात होते, की तुला मालकच नाही. अण्णासाहेब पाटलांनी त्या हमालांना एकत्र केले आणि १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. कायद्याने काय केले? मालक शोधीत बसण्याऐवजी मंडळ नेमले. त्यात सरकार, व्यापारी आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी. हमालाचे नाव मंडळाच्या पटावर, व्यापाऱ्याचेही पटावर. मजुरी मंडळाकडे भरायची, वर ठरलेली लेव्ही भरायची, आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस, औषधपाणी. मालक शंभर असोत; हक्क एका जागी. १९८१ साली त्याच धर्तीवर खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा झाला. जे खतावण्यांच्या आणि कार्बन कागदांच्या काळात साधले, ते प्रत्येक खेपेची नोंद सेकंदासकट ठेवणाऱ्या यंत्राच्या काळात साधत नाही, असे कोणी सांगितले तर त्यावर शाळेतले पोरही हसेल.

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात या कामगारांची दखल पहिल्यांदा घेतली गेली आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी असे ठरले. हे पाऊल आहे, हे मान्य. पण त्याच संहितेने या माणसाची व्याख्याच अशी केली आहे, की रूढ मालक-नोकर नात्याबाहेर राहून काम करतो तो. म्हणजे मदत द्या, पण नाते सांगू नका! ही तर सरकारी शिक्का मारलेली पोस्तच झाली. राजस्थानने २०२३ साली अशा कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला. कर्नाटकाने २०२५ साली आपल्या कायद्यात घातले, की कामगाराला काढायचे तर लेखी कारण द्या आणि १४ दिवस आधी सांगा. माथाडीचा कायदा करणारे राज्य या रांगेत पहिले उभे असायला हवे होते.

माझे मागणे फार नाही. या मुलांची नावे माथाडीप्रमाणे एका पटावर येऊ देत. काम काढून घेण्यापूर्वी कारण सांगणारा आणि उलट बाजू ऐकणारा एक हाडामांसाचा माणूस नेमला जावा. दर बदलायचा तर तो आधी सांगून बदलावा. आणि ज्याने वर्षभर खेपा केल्या, त्याला वर्षाअखेरी बारावर तेरावा मिळावा. वीस माणसांचा कारखाना चालवणाऱ्याला बोनसचा कायदा लागतो. हजारो मुलांना रस्त्यावर पळवणाऱ्याला तो लागत नाही, कारण त्याच्या पटावर एकही मुलगा नाही. ही पळवाट बुजवली तर बेसनाच्या पुड्यामागे दोन-चार रुपये जास्त पडतील. पडू द्यात. स्वस्ताईचा तो फरक आजवर कोणाच्या तरी घरातून वजा होत होताच. तो आता आपल्या वहीत दिसेल, इतकेच.

वाचकांना एक सांगून हा कडू घास संपवतो. या दिवाळीत दाराशी पेटीवाला मुलगा येईल. त्याला आत बोलवा, पाणी द्या, लाडू-चिवड्याची पुडी हातात ठेवा, वर पैसेही द्या. पोस्त देणारा हात थोर असतो, तो आखडू नका. मात्र पोस्त दिल्यावर आपले देणे फिटले, अशी मनाची समजूत घालू नका. पोस्त तुमच्याकडून आली. बोनस ज्याच्याकडून यायचा तो अजून नामानिराळा आहे, आणि त्याचे नाव घेऊन त्याला हाक मारण्याचे काम आता तुमचे-माझे आहे.